आधी विहीर, मग नेत्राणी

दिवाळी जवळ आली की भालकीच्या बसस्थानकासमोर सहलींचे फलक झळकू लागतात. पूर्वी त्यांवर तुळजापूर, पंढरपूर, तिरुपती असायचं. आता गोकर्ण-मुरुडेश्वर असतं आणि खाली माशांच्या गर्दीत हात पसरून तरंगणाऱ्या माणसाचा फोटो. ‘नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंग. व्हिडिओ मोफत. पोहता येत नसलं तरी चालेल.’ सहलीला माझी हरकत नाही. उलट बिदर-कलबुर्गीकडच्या माणसानं एकदा तरी समुद्राच्या पोटात उतरून यावं असं मला मनापासून वाटतं. हरकत आहे ती त्या शेवटच्या वाक्याला. ते नियमात बसतं, म्हणून तर त्याच्याशी भांडायचं.

मी पी. टी. मास्तर म्हणून भालकी तालुक्यात नोकरी केली आणि निवृत्त झालो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, असा आमचा मुलूख. समुद्र नकाशात बघायचा. पाणी म्हणजे विहीर, आड, बारव आणि पावसाळ्यात मांजरा. आमच्या पिढीची पोरं विहिरीतच पोहायला शिकली. कमरेला वाळलेला भोपळा, पुढे डालड्याचा रिकामा डबा, त्याच्याही पुढे ट्रॅक्टरची ट्यूब. कासऱ्याचं एक टोक पोटाला आणि दुसरं काठावरच्या चुलत्याच्या हातात. दोन दिवस कासरा ताठ असायचा, मग हळूहळू सैल, आणि एके दिवशी मागं वळून बघावं तर चुलता कासरा सोडून बिडी ओढत बसलेला. मग मुटका मारायचा, सूर मारायचा, आणि शेवटची परीक्षा म्हणजे तळ काढायचा. तीन परस पाण्यात बुडी मारून तळाची चिक्कण माती मुठीत घेऊन वर यायचं आणि सगळ्यांना दाखवायची. खाली गेलं की कानात कळ यायची. नाक दाबून आतून हवा फुंकली की कान मोकळे होतात, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मोठी पोरं करायची, तसं आम्ही करायचो. मुरुडेश्वरच्या बोटीवर प्रशिक्षकानं हाच धडा पहिल्यांदा दिला तेव्हा मला हसू आलं.

बोटीवर मला नेलं माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी. कुणी बेंगळुरूला, कुणी पुण्याला नोकरीला. म्हणाले, “सर, तुम्ही आम्हाला विहिरीत ढकललं होतं, आता आमची पाळी.” त्यांच्यातल्या दोघांनी ‘गंधद गुडी’ पाहिला होता. अभिनेता पुनीत राजकुमार गेल्यावर २०२२ साली आलेला तो चित्रपट. त्यात तो नेत्राणीच्या पाण्याखाली उतरतो. आमच्याकडच्या पोरांनी ते पडद्यावर पाहिलं आणि बेट डोक्यात बसलं. त्याआधी नेत्राणी हे नाव आमच्या भागात कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे.

नेत्राणी भटकळ तालुक्यात, मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटर आत समुद्रात आहे. बोटीनं तास-दीड तास. मागे किनाऱ्यावरचा शंकराचा १२३ फुटांचा पुतळा लहान लहान होत जातो आणि पुढे झाडीनं भरलेला कडा मोठा होत येतो. वरून पाहिलं तर बेटाचा आकार बदामासारखा दिसतो म्हणतात. खालून ते काही कळत नाही. दिसतात ते कड्याभोवती घिरट्या घालणारे समुद्री गरुड. माणसं राहत नाहीत. कड्याखालून धोंड्यांची उतरण पाण्यात जाते, ती पाच-सहा मीटरपासून पुढे पार चाळीस मीटरपर्यंत. आम्ही उतरलो तिथं एक सुळका होता. बोटीतूनही त्याचा माथा हिरवट दिसत होता, आणि त्याच्या कडेनं खाली पाहिलं की निळा रंग काळपट होत जायचा.

खाली काय दिसलं ते सांगायचा मोह होतो, पण ते सगळ्या व्हिडिओंत असतंच. पोपट मासा प्रवाळ कुरतडतो त्याचा आवाज मात्र व्हिडिओत येत नाही. कुणी शेजारी बसून दाणे फोडतंय असा तो कुरकुर आवाज पाण्यात चारी बाजूंनी ऐकू येतो. एका कपारीत वामेसारखा जाडजूड मोरे ईल तोंड उघडमीट करत बसला होता. धमकावतोय असं वाटतं, पण तो नुसता श्वास घेत असतो. हे मला नंतर कळलं.

आता मुद्द्याचं. शेजारच्या बोटीतून एक गृहस्थ उतरले होते. पोहता येत नसावं, कारण प्रशिक्षकानं त्यांच्या पाठीवरची टाकी वरून धरली होती आणि ते पाय सायकल मारल्यासारखे मारत होते. पायांना लांब फिन. प्रत्येक फटक्याला सुळक्यावरची वाळू उडत होती, आणि दोन-तीनदा फिनचं टोक प्रवाळावर आपटलं. मग फोटोची वेळ आली. तरंगता येत नाही म्हटल्यावर स्थिर कसं राहणार? प्रशिक्षकानं त्यांना सरळ सुळक्यावर गुडघे टेकून बसवलं. दुसऱ्यानं बिस्किटाचा पुडा काढला, चुरा सोडला. पिवळ्या अंगावर काळ्या पट्ट्यांचे मासे झुंबड करून आले, गृहस्थांनी अंगठे वर केले. फोटो झाला. ते उठल्यावर गुडघ्याखालची जागा मी जवळून पाहिली. वळ्यावळ्यांच्या, डोक्याएवढ्या प्रवाळावर दोन पांढरे ओरखडे होते. असं घट्ट, गोल प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. त्यातलं एखादं खालच्या धोंड्याएवढं मोठं असेल तर ते माझ्याहून वयानं थोरच म्हणायचं.

प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते हजारो बारीक जिवांनी बांधलेलं घर आहे, आणि ते जीव वरच्या पातळ थरातच असतात. म्हणजे खरवडला गेला तो जिवंत भाग. २००१ पासून भिंतप्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. ताडोबात कुणी पर्यटकाला वाघाच्या पाठीवर बसवून फोटो काढणार नाही.

त्या गृहस्थांचा मला राग आला नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षकाचाही फारसा आला नाही. माझा प्रशिक्षक त्याच किनाऱ्यावरचा तरुण होता, कामात चोख. परतताना बोटीत मी त्याला विचारलं तर म्हणाला, सुट्टीच्या दिवशी एकामागून एक माणसं उतरवायची असतात, शिकवायला वेळ कुठून आणू? माणूस सुखरूप वर येणं ही माझी पहिली जबाबदारी, प्रवाळ दुसरी. त्याचं चुकत नाही. चुकतं ते गणित, ज्यात दिवसाला किती माणसं बुडवून काढली यावर धंदा मोजला जातो.

स्कूबात दोन रस्ते आहेत. ज्याला तीन-चार दिवस शिकून प्रमाणपत्र घ्यायचं त्याला ‘पॅडी’सारख्या संस्थेच्या नियमानं २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं, तेव्हा कुठे त्याला १८ मीटरपर्यंत जाता येतं. दुसरा रस्ता म्हणजे एका दिवसाची चव, ‘डिस्कव्हर स्कूबा’. त्यात पोहण्याची अट नाही. प्रशिक्षक सोबत असतो आणि १२ मीटरची मर्यादा असते. फलकावरचं वाक्य या दुसऱ्या रस्त्याचं आहे. ही चव आधी तलावात किंवा उथळ, वाळूच्या तळावर द्यावी आणि मग माणूस सावरला की प्रवाळाकडे न्यावा, असं करता येतं. पण थेट सुळक्यावर नेलं की दुपारपर्यंत आणखी एक बोट भरता येते.

विहिरीतला माणूस पाण्याखाली लगेच हुशार होतो असं मी म्हणत नाही. विहिरीनं मला शिकवलं होतं, दम धर. टाकी पाठीवर चढली की पहिला नियम नेमका उलटा असतो: दम कधीही धरायचा नाही. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं टाकीतून छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तोंड बंद ठेवून कुणी झटक्यात वर आला तर ती हवा फुप्फुस फाडून वाट काढते. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो. तोंडातली नळी थुंकतो, ओठ मिटतो आणि वर धावतो. ज्याच्या नाकातोंडात लहानपणी दहादा पाणी गेलंय त्याला मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं तर काही वाटत नाही. ज्याच्या कधीच गेलं नाही, त्याला ते चमचाभर पाणी मरण वाटतं. विहिरीची शिकवण एवढीच, पण ती मोलाची आहे.

तरंगणंही श्वासावरच असतं. छाती भरली की अंग हातभर वर उठतं, सोडली की खाली बसतं. हे अंगात मुरलं की हातपाय न हलवता माणूस सुळक्यापासून हातभर अंतरावर लटकून राहतो, कशालाही शिवत नाही. अर्ध्या तासाच्या ओळखीत ते मुरत नाही. म्हणजे पाणी न शिकलेला माणूस आधी स्वतःसाठी धोका आणि मग प्रवाळासाठी. दोन्हींचा इलाज एकच आहे, आणि तो नेत्राणीला नाही, आमच्या गावात आहे.

काहीजण म्हणतील, मास्तर, नौदलानं त्या बेटावर वर्षानुवर्षं तोफांचा सराव केला, तिथं तुमच्या बिस्किटाच्या पुड्याचं काय घेऊन बसलात? खरं आहे. त्यात समुद्रही तापतोय; एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेनं जगभरातलं प्रवाळ चौथ्यांदा पांढरं पडत असल्याचं जाहीर केलं. आपल्या लक्षद्वीपलाही त्याची झळ बसली. तापलेल्या पाण्यापुढे भालकीच्या माणसाचं काही चालत नाही. गुडघ्यांपुढे चालतं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. पोहणं शिकायला ज्यांना सवड आणि तलाव, त्यांनीच समुद्र पाहायचा का? शेतमजुराच्या पोरानं वर्षभर पैसे साठवून सहल केली, त्याला तुम्ही परीक्षा घेऊन परत पाठवणार? नाही. ज्याला पाच मिनिटं तरंगता येत नाही, त्याला लाइफ जॅकेट घालून वरूनच मास्क लावून पाहू द्या. पाच मीटरवरचा सुळक्याचा माथा वरूनही लख्ख दिसतो. मासे तेच. खर्चही कमी. फोटोत फक्त अंगठा वर करता येणार नाही.

महाराष्ट्रात याहून फार वेगळं आहे असं समजून कुणी निवांत बसू नये. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथं रीतसर शिकता येतं, आणि ही गोष्ट कर्नाटकानं उचलण्यासारखी आहे. पण त्याच तारकर्लीत मे २०२२ मध्ये स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. निवतीच्या खडकांजवळ नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ बुडवून तिथं पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. मला ती आवडते. शिकाऊ पायांना आपटायला लोखंड मिळालं तर प्रवाळाची तेवढी सुटका. आणि विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखला जाणारा अंग्रिया बँक आहे, समुद्राच्या तळावरून उठलेलं पठार, माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. तिथं एका दिवसात जाऊन येता येत नाही, म्हणून तिथं गुडघ्यांची गर्दी पोचलेली नाही. सध्या त्याचं रक्षण अंतरच करतंय.

समुद्र आमचा नाही, असं बिदरचा माणूस सहज म्हणून जातो. पण ज्या महमूद गावाननं बिदरचा मदरसा बांधला तो समुद्रावरून दाभोळला उतरलेला व्यापारी होता, आणि मदरसा उभा राहिला त्याच १४७२ साली त्यानं गोवा जिंकून बहमनी राज्याला आणखी एक बंदर मिळवून दिलं. त्याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला जहाजातून उतरून घोडा घेऊन बिदरला आला होता. आज आमची पोरं मुरुडेश्वरला पोचतात आणि पहिल्या लाटेला गडबडून जातात.

डिसेंबर २०२४ मध्ये त्याच मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर कोलार जिल्ह्यातल्या मोरारजी देसाई निवासी शाळेच्या चार मुली बुडाल्या. शाळेची सहल होती. कोलारही आमच्यासारखाच, समुद्र नसलेला जिल्हा. मग जे होतं ते झालं. चौकशी, मदत, काही दिवस किनारा बंद. किनाऱ्यावर जीवरक्षक हवेत, दोर हवेत, फलक हवेत, सगळं हवं. पण त्या मुलींना पाणी कुणी कधी शिकवलं होतं का, हे कुठे चर्चेत आलेलं माझ्या वाचनात नाही. मोरारजी देसाई शाळा आमच्याही जिल्ह्यांत आहेत. तिथं कबड्डी शिकवतात, खो-खो शिकवतात. पोहणं ‘सोय नसल्यामुळे’ राहतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशभरात बुडून मेलेल्यांची संख्या ३८ हजारांवर आहे. यातले बहुतेक समुद्रात गेले नसणार हे सांगायला तज्ज्ञ नको. आमच्याकडे गेल्या दहा वर्षांत शेताशेतांत कृषी होंडे झाले, म्हणजे शेततळी. पाणी टिकावं म्हणून आत प्लास्टिक अंथरलेलं असतं. पाणी टिकतं, पण पाय घसरला तर धरायला काही नसतं. ओल्या प्लास्टिकवर मोठा माणूसही वर चढू शकत नाही. विहिरीला निदान पायऱ्या असायच्या, कपारी असायच्या, पाखराचं घरटं असायचं. विहिरी बोअरनं आटवल्या, काही कचऱ्यानं भरल्या, आणि त्यांच्याबरोबर पोहणारी पिढीही संपत आली. शेततळं आलं, त्यात पोहायला शिकवणारा चुलता आला नाही.

आणि विहिरीचं फार कौतुक करतानाही एक गोष्ट झाकता येत नाही. विहीर पोरांची होती. माझ्या बरोबरीच्या मुली काठावर कपडे धुवायच्या, पाणी शेंदायच्या, आत उतरायच्या नाहीत. मी शाळेत असताना मुलींना पोहायला शिकवायचा विषय काढला तेव्हा पालकांनी एकच विचारलं, शिकवणार कोण? बाई असती तर त्यांची ना नव्हती. बाई नव्हती, विषय मिटला. मुरुडेश्वरला गेलेल्या चौघी मुलीच होत्या. तेव्हा यापुढे जी काही व्यवस्था होईल तिची सुरुवात बाई-प्रशिक्षकांपासून व्हावी.

पैसा नाही, हे उत्तर मला नको. राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमानंतर आमच्या भागासाठी कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ आहे आणि त्याच्याकडे हजारो कोटींच्या योजना येतात. सभागृहं होतात, कमानी होतात. प्रत्येक तालुक्याला एक साधा, उथळ, कुंपण घातलेला पोहण्याचा हौद या पैशात अवघड नाही. ऑलिंपिकचा तलाव मागत नाही. छातीएवढं पाणी पुरे.

शिकवायला माणसं कुठून आणायची, याचं उत्तर मला बोटीवरच्या त्या पोरानं नकळत दिलं. तो म्हणाला, जून ते सप्टेंबर समुद्र बंद, आम्ही घरी बसतो. कुणी जाळी विणतो, कुणी उधारीवर दिवस काढतो. आणि नेमके तेच चार महिने आमच्याकडे पावसाचे. ऑगस्ट-सप्टेंबरात विहिरींना पाणी चढतं, शाळा सुरू असतात. पर्यटन खातं आणि शिक्षण खातं एका टेबलावर बसलं तर भटकळ-मुरुडेश्वरचे प्रशिक्षक पावसाळ्याचे चार महिने बिदर-कलबुर्गीच्या तालुक्यांत पगारावर येऊ शकतात. त्यांना रोजगार मिळेल, आमच्या पोरापोरींना तरंगणं येईल. आठवी-नववीत जो पाच मिनिटं तरंगेल त्याला शाळेनं दाखला द्यावा. ऑक्टोबरात हंगाम उघडला की नेत्राणीच्या बोटीवर तो दाखला पाहावा, दाखला नसेल त्याला वरून मास्क. चार-पाच वर्षांत त्यातलीच एखादी भालकीची मुलगी प्रशिक्षक होऊन त्या बोटीवर उभी राहील, यात मला नवल वाटत नाही.

खात्यांना एवढंच सांगणं आहे की राहण्या-जेवणाच्या खर्चावरून फाइल अडवू नका. आमच्या गावातल्या शाळेत दोन खोल्या रिकाम्या आहेत. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी चालत असेल तर चारही महिने प्रशिक्षकांचं जेवण गाव करेल. मासे मात्र त्यांना सुटीला घरी जाऊनच खावे लागतील.